तैवानहून फॅशन शिकायला जाताना: आधी इंटर्नशिपची वाट, मग कॉलेज

फॅशन शिकायला तैवानबाहेर पडणारे बहुतेक विद्यार्थी आधी कॉलेजचे नाव ठरवतात. मग पोर्टफोलिओचा क्लास लावतात, प्रवेश मिळवतात, व्हिसा काढतात. इंटर्नशिपचा विचार सुरू होतो तो दुसरे वर्ष संपत आल्यावर. तेव्हा कळते की कोर्सला इंटर्नशिपचे वर्ष जोडलेलेच नाही, किंवा व्हिसावर आठवड्याला २० तासांपलीकडे काम करता येत नाही, किंवा मुलाच्या सक्तीच्या लष्करी सेवेची मुदत डोक्यावर आली आहे. या क्षेत्रात पहिली नोकरी बहुतेकदा इंटर्नशिपमधूनच मिळते. म्हणून क्रम उलटा लावा. इंटर्नशिप कुठे, कधी आणि कोणत्या हक्काने करणार हे आधी ठरवा, कॉलेज त्यानंतर.

पुढचे टप्पे तैवानी पासपोर्टवर लंडन, पॅरिस किंवा न्यू यॉर्कला जाणाऱ्यांसाठी आहेत. भारतीय पासपोर्टवर वाट जिथे वेगळी होते, तिथे तसे सांगितले आहे. तैवानी वर्गमित्राची यादी पाहून आपल्या मराठी मुलांनी कागदपत्रे लावली तर हमखास चुकतील, इतके काही नियम वेगळे आहेत. रकमा २०२५ अखेरच्या आहेत. पैसे भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर त्या पुन्हा पाहा.

## टप्पा १: इंटर्नशिपचा हक्क कशावर उभा आहे ते तपासा

तैवानी पासपोर्टवर ब्रिटनमध्ये ६ महिन्यांपर्यंत, शेंगेन देशांत १८० पैकी ९० दिवस आणि अमेरिकेत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येते. त्याआधी ऑनलाइन प्रवासपरवानगी काढावी लागते: ब्रिटनसाठी जानेवारी २०२५ पासून ईटीए, अमेरिकेसाठी एस्टा. पहिली चूक इथेच होते. "तीन महिने तर आहेत, स्टुडिओत जाऊन हात लावू," असे म्हणून मुले निघतात. व्हिसामुक्त प्रवेश म्हणजे कामाची परवानगी नाही. पगार नसला तरी स्टुडिओत बसून पॅटर्न (कपड्याचे कागदी साचे) कापणे हे कामच आहे. शिवाय ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून आल्यावर तिथूनच विद्यार्थी व्हिसावर जाता येत नाही आणि एस्टावर आल्यास अमेरिकेत विद्यार्थी दर्जा घेता येत नाही. भारतीयांना मुळात व्हिसाच लागतो, त्यामुळे ते या खड्ड्यात क्वचितच पडतात.

ब्रिटन. पदवी स्तराच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. बिनपगारी कामही या २० तासांत मोजले जाते. पूर्णवेळ इंटर्नशिप दोन प्रकारे होते: सुट्टीत, किंवा कोर्सचाच भाग असलेल्या प्लेसमेंटमध्ये. युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स आणि लंडन कॉलेज ऑफ फॅशनमध्ये अनेक पदवी कोर्सेसना दुसऱ्या आणि शेवटच्या वर्षाच्या मध्ये प्लेसमेंटचे वर्ष घेता येते. पण ते प्रत्येक कोर्सला नसते. कोर्सच्या पानावर ते स्पष्ट लिहिलेले दिसले पाहिजे.

मास्टर्सवाल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात सुट्टी असते. एक वर्षाच्या मास्टर्समध्ये तेच महिने प्रबंधाचे किंवा अंतिम कलेक्शनचे असतात, म्हणून ते सत्रातच धरले जातात. जुलैत पूर्णवेळ इंटर्नशिप घेतली तर व्हिसाची अट मोडते.

फ्रान्स. इथे सगळे एका कागदावर चालते. विद्यार्थी, कॉलेज आणि कंपनी या तिघांच्या सहीचा इंटर्नशिप करार, म्हणजे "कोंव्हांसिओं द स्ताज". तो नसेल तर कोणतेही फॅशन हाऊस तुम्हाला दारात उभे करणार नाही. एका कंपनीत एका शैक्षणिक वर्षात जास्तीत जास्त ६ महिने. सलग किंवा तुटक मिळून २ महिन्यांपेक्षा जास्त काम असेल तर मानधन सक्तीचे आहे आणि २०२५ मध्ये त्याचा किमान दर तासाला ४.३५ युरो होता. त्या दराने पूर्णवेळ महिन्याचे जेमतेम साडेसहाशे युरो हातात येतात आणि पॅरिसमधल्या छोट्या खोलीचे भाडेही त्यात भागत नाही. हा फरक घरून भरून काढण्याची तयारी हवी. विद्यार्थी परवान्यावर वर्षाला ९६४ तास नोकरी करता येते, आणि कराराखालची इंटर्नशिप त्यात मोजत नाहीत.

हा करार मिळण्यासाठी कोर्समध्ये वर्षाला किमान २०० तासांचे अध्यापन असावे लागते. पैसे घेऊन नुसता करार देणाऱ्या नावापुरत्या संस्था असतात, त्यांच्यापासून लांब राहा. पदवी हातात आल्यावर करारही संपतो. "पदवी घेऊन मग स्ताज (इंटर्नशिप)" हा क्रम फ्रान्समध्ये बसत नाही.

अमेरिका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कामाच्या दोन परवानग्या मिळतात: शिकत असताना सीपीटी आणि शिकून झाल्यावर ओपीटी. सीपीटी सहसा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. ती ठरावीक कंपनीसाठी आणि ठरावीक तारखांसाठी असते आणि आय-२० या कागदावर नोंदली जाते. नोंद होण्याच्या आदल्या दिवशी स्टुडिओत गेलात तरी तो नियमभंग आहे. पूर्णवेळ सीपीटीचे १२ महिने झाले की त्या पातळीची ओपीटी हातची जाते, ११ महिन्यांत थांबलात तर शाबूत राहते. फॅशन डिझाईन हा विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत नाही, त्यामुळे अभियांत्रिकीच्या मुलांना मिळणारी २४ महिन्यांची मुदतवाढ इथे नाही. ओपीटीचे १२ महिने म्हणजे १२ महिने.

तपासा: निवडलेल्या प्रत्येक कोर्ससाठी एक वाक्य लिहून पाहा: "मी अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत, अमुक नियमाखाली, पूर्णवेळ इंटर्नशिप करू शकतो." वाक्य पूर्ण होत नसेल तर तो कोर्स यादीतून काढा, कॉलेजचे नाव कितीही मोठे असो.

## टप्पा २: तैवान सोडण्यापूर्वीची कामे

मुलांसाठी लष्करी सेवा. २००५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना १ वर्षाची सेवा आहे, १९९४ ते २००४ मध्ये जन्मलेल्यांना ४ महिन्यांचे प्रशिक्षण. परदेशी शिक्षणासाठी सेवा पुढे ढकलता येते, पण वयाची मर्यादा आहे: पदवीला २४, मास्टर्सला २७, पीएचडीला ३०, आणि हे वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत धरतात. पदवीचा अभ्यासक्रम चारपेक्षा जास्त वर्षांचा असेल तर वाढीव प्रत्येक वर्षामागे मर्यादाही एकेक वर्षाने पुढे जाते. अर्ज तुमची घरनोंदणी जिथे आहे त्या स्थानिक कार्यालयात, प्रवेशपत्रासह.

इथे दोन चुका होतात. घाईत कमी मुदतीच्या परवानगीवर निघून जाणे ही पहिली. ती एका वेळी ४ महिन्यांचीच असते. दुसरी जास्त महागात पडते: ही सवलत शिक्षणासाठी आहे, नोकरीसाठी नाही. पदवीनंतर लंडन किंवा न्यू यॉर्कमध्ये थांबून काम करायचे असेल तर आमचा स्पष्ट सल्ला, सेवा आधी उरका. स्टुडिओने कायम करायचे ठरवले आणि त्याच महिन्यात परत फिरावे लागले, यापेक्षा एक वर्ष उशिरा निघालेले बरे.

कागदपत्रांचे प्रमाणीकरण. एकाच शिक्क्यावर कागदपत्रे परदेशात चालू देणाऱ्या हेग अपोस्टिल कराराचा तैवान सदस्य नाही. त्यामुळे फ्रान्स किंवा इटलीसाठी प्रमाणपत्रे मागितली तर आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर विभागाचा शिक्का आणि मग त्या देशाच्या ताइपेमधल्या कार्यालयाची मोहोर, या क्रमाने जावे लागते. भाषांतर असेल तर त्याआधी नोटरी. क्रम उलटा झाला की सगळे पहिल्यापासून. यासाठी दीड महिना धरा. भारत अपोस्टिल करारात आहे, तिथे ही दुसरी पायरी लागत नाही.

नाव. पासपोर्टवर आडनाव आधी, मग हायफनने जोडलेले दोन चिनी अक्षरांचे नाव असते. रोजच्या वापरात मात्र मुलांचे वेगळेच इंग्रजी नाव असते, आणि ईमेल, पोर्टफोलिओ, आयएल्ट्सचा अर्ज सगळीकडे तेच जाते. पदवीपत्र, भाषेच्या परीक्षेचा निकाल, बँकेचा दाखला आणि कॉलेजचा अर्ज यांवर पासपोर्टमधले स्पेलिंग हायफनसकट हवे. टोपणनाव फक्त पोर्टफोलिओच्या मुखपृष्ठावर, तेही पासपोर्टच्या नावाखाली.

आरोग्य विमा. परदेशी जाताना राष्ट्रीय आरोग्य विमा थांबवून ठेवण्याची जुनी सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. घरनोंदणी चालू आहे तोवर हप्ता भरावाच लागतो. सलग २ वर्षे देशाबाहेर राहिल्यास घरनोंदणीच निघते आणि विमाही जातो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा.

मदत. शिक्षण मंत्रालयाची "श्वेहाय चूमंग" ही योजना परदेशातल्या इंटर्नशिपला पैसे देते. पण अर्ज विद्यार्थी करत नाही, तैवानमधल्या विद्यापीठातले प्राध्यापक प्रकल्प म्हणून करतात, आणि इंटर्नशिप सलग किमान ३० दिवसांची लागते. म्हणजे तैवानमध्येच पदवी करणाऱ्यांना ती उपयोगी. आदल्या वर्षाच्या शरद सत्रातच प्राध्यापकांना गाठा.

## टप्पा ३: पोर्टफोलिओ, आणि त्यातला मांजरपाट

ताइपेमध्ये पोर्टफोलिओ करून देणारे क्लास भरपूर आहेत. त्यांतून येणाऱ्या फाइली एकमेकींच्या सावल्यांसारख्या दिसतात: सुरुवातीला मूडबोर्ड (कल्पना सुचवणाऱ्या चित्रांचा फलक), मग लांब पायांच्या मुलींची रंगवलेली चित्रे, शेवटी मॉडेलचे फोटो. निवड करणारा शिक्षक त्यात शोधतो ते मधले गायब असते. कपडा कसा सुचला, कुठे फसला, कसा दुरुस्त झाला, हे त्याला पाहायचे असते.

पानांची मर्यादा कोर्स स्वतः देतो, साधारण २० ते ३०. त्यात ३ प्रकल्प पुरे, ५ नकोत. एक प्रकल्प खोल जाणारा हवा, १०-११ पानांचा. त्याचा क्रम असा ठेवा:

1. संशोधनाची २ पाने. स्वतः काढलेले फोटो, स्वतः केलेली रेखाटने. इंटरनेटवरून उचललेली चित्रे कमीत कमी.
2. कापडाशी केलेले प्रयोग, २-३ पाने. चुण्या, घड्या, विणकाम, धुऊन आकसवलेले तुकडे. प्रत्येकाशेजारी एक ओळ: काय केले, काय झाले.
3. पुतळ्यावरचे काम, ३ पाने. खऱ्या कापडाआधीचा कच्चा नमुना, साध्या मांजरपाटावर.
4. डिझाइनची रेखाटने आणि शेवटची रांग, २ पाने.
5. तांत्रिक आकृती, १ पान. पुढून, मागून, शिवणी आणि काज-बटणांसह.

तिसऱ्या मुद्द्यावर सर्वाधिक वेळ घाला. मांजरपाटाचा नमुना पुतळ्यावर चढवून फोटो काढता, तेव्हा टाचण्या आणि पेन्सिलीच्या खुणा दिसू द्या. मुंढा (बाही जोडण्याचा घेर) दंडाखाली ओढतो म्हणून कात्री मारलेली, फट पडलेली, त्या फटीत नवा तुकडा टाचलेला, खांद्याची शिवण ३ सेंटिमीटर मागे सरकवून निळ्या पेन्सिलीने नवी रेघ ओढलेली, असा एक फोटो दहा रंगवलेल्या चित्रांच्या वर ठरतो. पुढच्या पानावर तोच नमुना दुरुस्तीनंतर दाखवा, त्याच कोनातून, त्याच उजेडात. मांजरपाट इस्त्री करून, खुणा पुसून फोटो काढणे ही तैवानी पोर्टफोलिओंमधली सर्वांत सामान्य चूक आहे. नीटनेटकेपणाची सवय इथे आड येते.

प्रयोगांसाठी ताइपेच्या दादाओचंग भागातला योंगले कापडबाजार हाताशी आहे, तिथे तुकडे गोळा करा. तैवानच्या गिरण्या घाम शोषणारी, वारा अडवणारी कापडे बनवण्यात जगात पुढे आहेत. त्यांचे नमुने मिळवून त्यांवर काम केलेत तर ते लंडनमध्ये बसलेल्या विद्यार्थ्याकडे सहजी नसते.

सावधान: अतयाल किंवा इतर आदिवासी जमातींच्या विणीतली नक्षी पोर्टफोलिओत घेण्यापूर्वी थांबा. तैवानमध्ये २००७ पासून आदिवासींच्या पारंपरिक निर्मितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि नोंदलेली नक्षी जमातीच्या संमतीशिवाय वापरता येत नाही. कायद्यापलीकडेही, मुलाखतीत "ही वीण कुणाकडून शिकलात?" असे विचारले जाते. त्याला खरे उत्तर असेल तरच ती घ्या.

## टप्पा ४: अर्ज आणि भाषेची परीक्षा

ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज यूकॅस या सामाईक प्रवेशव्यवस्थेतून जातात. २०२६ च्या प्रवेशासाठीची मुख्य तारीख १४ जानेवारी होती. निवेदन आता एकसलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांच्या उत्तरांत लिहायचे असते, तिन्ही मिळून ४,००० कॅरॅक्टर. जुने नमुने पाहून लिहू नका. पोर्टफोलिओ नंतर, कॉलेजने कळवल्यावर, वेगळ्या ठिकाणी चढवायचा असतो आणि त्याची मुदत फार थोडी असते. अर्ज पाठवला त्या दिवशी पोर्टफोलिओ तयार हवा.

तैवानमध्ये उच्च माध्यमिक संपवून थेट जाणाऱ्यांना सहसा फाउंडेशन, म्हणजे पदवीआधीच्या तयारीचे वर्ष करावे लागते. इथे एक चूक पुन्हा पुन्हा होते. पदवीसाठी विद्यापीठ साधी आयएल्ट्स स्वीकारू शकते. फाउंडेशन पदवीखालच्या स्तराचे असल्याने तिथे सरकारमान्य सुरक्षित परीक्षा, म्हणजे "आयएल्ट्स फॉर यूकेव्हीआय", लागते. पेपर तेच, फी वेगळी, केंद्र वेगळे. साध्या परीक्षेत उत्तम गुण असले तरी या व्हिसासाठी त्यांचा उपयोग नाही. नाव नोंदवताना योग्य प्रकार निवडला का, हे दोनदा पाहा.

फ्रान्ससाठी तैवानमधून "एत्यूद आं फ्रान्स" या व्यवस्थेतून जावे लागते: ऑनलाइन फाइल, मग कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेची मुलाखत, मग व्हिसा. मुलाखतीत "फॅशन आवडते" एवढे पुरत नाही. हाच कोर्स का आणि त्यानंतर काय, हे सांगता आले पाहिजे. कोर्स इंग्रजीत असला तरी फ्रेंच शिकायला लागा. पॅरिसच्या शिवणखान्यात मुख्य पॅटर्नकार बाई सूचना फ्रेंचमध्येच देतात.

## टप्पा ५: पैसे आणि व्हिसा

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड, जास्तीत जास्त ९ महिन्यांचे, म्हणजे १३,७६१ पौंड, आणि पहिल्या वर्षाची उरलेली फी, एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी. त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. मधल्या एकाही दिवशी शिल्लक खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

ज्या तैवानी पासपोर्टवर राष्ट्रीय ओळखपत्राचा क्रमांक छापलेला असतो, त्यावर अर्ज करणाऱ्यांना आर्थिक पुरावा अर्जासोबत जोडावा लागत नाही. याचा अर्थ मुले "पैसे दाखवायचे नाहीत" असा घेतात. पुरावा कधीही मागितला जाऊ शकतो. तेव्हा २८ दिवसांचा दाखला नसेल तर अर्ज फेटाळला जातो. भारतीय पासपोर्टला ही सवलतच नाही, आणि भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोग तपासणीचा दाखलाही लागतो.

आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे आणि पूर्ण मुदतीचा एकदम भरायचा असतो. ३ वर्षे ४ महिन्यांचा व्हिसा असेल तर साडेतीन वर्षांचे २,७१६ पौंड. प्लेसमेंटचे वर्ष सुरुवातीलाच कोर्समध्ये धरून घेतले तर एकाच व्हिसात काम होते. नंतर जोडले तर कॉलेजकडून नवे सीएएस (व्हिसासाठीचे प्रवेशाचे प्रमाणपत्र), नवी व्हिसा फी आणि वाढीव अधिभार. कॉलेज परवानगी देत असेल तर सुरुवातीलाच धरा.

फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा व्हिसा पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. हे राहिले तर पुढे सगळेच अडते.

## टप्पा ६: सामान

शिलाई मशीन नेऊ नका. तैवानमध्ये ११० व्होल्ट, ब्रिटन आणि युरोपात २३० व्होल्ट. नुसता प्लग बदलून लावले की मोटर जळते. ट्रान्सफॉर्मरने चालेल, पण तो मशीनइतका जड. इस्त्रीचेही तेच. भारतातले मशीन युरोपात प्लग बदलून चालते, अमेरिकेत मात्र नाही. न्या ते असे: स्वतःच्या हाताची कात्री, सेंटिमीटर आणि इंच दोन्ही असलेली टेप, वक्र पट्टी, बोटाला सवय झालेल्या सुया. कात्री चेक-इन बॅगेत.

## टप्पा ७: इंटर्नशिपचा अर्ज

स्टुडिओचे वर्ष फॅशन वीकभोवती फिरते. स्त्रियांच्या कपड्यांचे शो फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पुरुषांचे जानेवारी आणि जूनमध्ये, पॅरिसचे कुतूर (मापाने हाती शिवलेल्या उंची कपड्यांचे) जानेवारी आणि जुलैत. शोच्या आधीच्या तीन महिन्यांत हात कमी पडतात. तेव्हाच इंटर्न लागतात, आणि त्यांची निवड त्याच्याही तीन-चार महिने आधी होते. सप्टेंबरच्या शोसाठी जूनमध्ये रुजू व्हायचे असेल तर अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण शोच्या आठवड्यात पाठवलेला ईमेल कुणी उघडत नाही. आठवडाभर आधी किंवा दहा दिवस नंतर पाठवा.

प्रवेशाचा पोर्टफोलिओ तसाच पाठवू नका. इंटर्नशिपसाठी १०-१५ पाने, १० एमबीच्या आत, एकच पीडीएफ. संशोधन मागे, हाताचे काम पुढे: तांत्रिक आकृती, पॅटर्न, मांजरपाटाचे नमुने, शिवलेल्या कपड्याच्या आतल्या बाजूचा फोटो. अस्तर उलटून शिवणी दाखवणारा फोटो पाहिला की पॅटर्न विभागाचा प्रमुख थांबतो.

ईमेल सहा ओळींत. कोणते काम हवे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती दिवस, कोणत्या हक्काने. ही शेवटची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि तीच निर्णायक असते. "विद्यापीठाचे प्लेसमेंट वर्ष, पूर्णवेळ परवानगी आहे" किंवा "कॉलेज करार देईल" एवढे वाचले की छोट्या स्टुडिओची अर्धी काळजी मिटते. परदेशी पासपोर्ट पाहून त्यांना वाटणारी भीती व्हिसाचीच असते.

पैशांबद्दल स्पष्ट राहा. ब्रिटनमध्ये कोर्सचा आवश्यक भाग असलेल्या, १ वर्षापर्यंतच्या प्लेसमेंटला किमान वेतन लागू नाही. त्याबाहेर खरे काम करून घेतले तर ते द्यावेच लागते, एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळात २१ वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीला ते तासाला १२.२१ पौंड होते. "फ्रीलान्सर म्हणून बिल द्या" असे कुणी म्हटले तर नाही म्हणा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करण्यास मनाई आहे, आणि एका बिलाने पुढचा व्हिसा अडचणीत येतो.

रुजू होण्यापूर्वी तपासा:

- कॉलेजने जागा आणि तारखा लेखी मंजूर केल्या का? ब्रिटनमध्ये प्लेसमेंटचे ठिकाण कॉलेजने गृहखात्याला कळवायचे असते.
- काम दुसऱ्या देशात असेल तर त्या देशाची परवानगी वेगळी घेतली का? लंडनचा विद्यार्थी व्हिसा पॅरिसमध्ये चालत नाही.
- करारात कामाचे तास, मानधन, प्रवासखर्च आणि शेवटची तारीख आहे का?
- फोटो वापरण्याबद्दल काय लिहिले आहे?

## टप्पा ८: स्टुडिओतले पहिले आठवडे

पहिल्याच दिवशी विचारा: शिलाईचा दाब, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कड, किती आणि कोणत्या मापात? युरोपात बहुधा १ सेंटिमीटर, अमेरिकेत अर्धा इंच म्हणजे १.२७ सेंटिमीटर. फरक क्षुल्लक वाटतो. पण ८ शिवणींच्या ड्रेसला कंबरेत १६ कडा असतात. १ सेंटिमीटर दाबाने कापलेला पॅटर्न अर्ध्या इंचावर शिवला तर कंबर ४.३ सेंटिमीटरने आवळते. फिटिंगला मॉडेल उभी असते, चेन लागत नाही, आणि दोष पॅटर्नवाल्यावर जातो.

दुसरी गोष्ट गप्प बसण्याची. तैवानी मुले वरिष्ठांपुढे प्रश्न विचारायला कचरतात, सूचना अर्धी कळली तरी मान हलवतात. कापड उभ्या धाग्यावर बेतायचे की उरेब (तिरके), हे न विचारता कात्री चालवली तर मीटरला शंभर-दीडशे युरोचे कापड वाया जाते. सूचना मिळाली की ती स्वतःच्या शब्दांत परत सांगा: "पुढचा भाग उरेब, मागचा सरळ, दोन्हीला अस्तर, बरोबर ना?" यात कमीपणा नाही. चांगल्या शिवणखान्यात सगळे असेच बोलतात.

फोटो काढू नका. कलेक्शन शोमध्ये येईपर्यंत तुम्ही केलेला बाहीचा नमुनाही स्टुडिओचा असतो. शेवटच्या आठवड्यात लेखी विचारा की शोनंतर कोणते काम, कोणत्या शब्दांत पोर्टफोलिओत दाखवता येईल. रोज संध्याकाळी केलेल्या कामाची दोन ओळींची नोंद ठेवा. कॉलेजच्या अहवालाला आणि पुढच्या मुलाखतीला तीच उपयोगी पडते.

## टप्पा ९: पदवीनंतरचे परवाने कोणत्या क्रमाने वापराल

ब्रिटनमध्ये कोर्स १२ महिने किंवा जास्त असेल तर संपल्यावर व्हिसात ४ महिने उरतात. त्यात पूर्णवेळ काम करता येते, स्वतंत्र व्यवसाय नाही. ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज याच काळात, ब्रिटनमध्ये असतानाच करायचा. "घरी जाऊन ताइपेतून करू" म्हणणाऱ्यांची संधी कायमची जाते. आधी विद्यापीठाने कोर्स पूर्ण झाल्याचे कळवले पाहिजे. मुदत २ वर्षे, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी व मास्टर्सवाल्यांना १८ महिने.

तैवानी नागरिकांना ब्रिटनची युथ मोबिलिटी योजनाही आहे: १८ ते ३० वय, २ वर्षे, वर्षाला १,००० जागा, लॉटरीने. ती आयुष्यात एकदाच मिळते आणि अर्ज ब्रिटनबाहेरून करायचा असतो. वय शिल्लक असेल तर शिकायला जाण्यापूर्वी ती खर्च करू नका. ग्रॅज्युएट व्हिसा संपल्यावर परत येऊन लॉटरीत नाव घाला. लागलीच तर आणखी २ वर्षे मिळतात आणि छोट्या प्रमाणात स्वतःचे कामही करता येते. भारतीयांसाठी अशीच वेगळी योजना आहे, ३,००० जागांची, पण तिला पदवीची अट आहे.

अमेरिकेत ओपीटीचा अर्ज कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. कॉलेजने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत तो पोहोचला पाहिजे. शक्य तितक्या आधी करा, कारण ओपीटी सुरू झाल्यावर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. फॅशनमध्ये ऑगस्टात भरती थंडावते. मेमध्ये पदवी घेणाऱ्यांनी सुरुवातीची तारीख निवडताना हे ९० दिवस त्या शांत महिन्यांत जळणार नाहीत असे पाहावे. ही तारीख कोर्स संपल्यापासून ६० दिवसांच्या आतलीच निवडता येते, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी कॅलेंडर समोर ठेवून दिवस मोजा.